यात कपडे टाकू नयेत

३ फेब्रुवारी, सोमवार

आधीच सांगते, माझ्या शुद्धलेखनाची बोंब आहे. ऱ्हस्व दीर्घ कधीच जमलं नाही, आणि आता शाळा सुटली म्हटल्यावर जमायचं कारणही उरलं नाही. टाईप पण गोगलगाईसारखं होतंय, कारण हा आईचा जुना फोन आहे आणि त्याची काच एका बाजूने फुटलीय. 'ळ' दाबायला गेलं की बोटाला टोचतं. तर माफ करा. कोणाची माफी मागतेय देव जाणे, हे कोणी वाचायचंच नाहीये. वाचत असाल तर बंद करा. आत्या, तू असशील तर तुला माझी शपथ.

आज मामाचा फोन आला. त्याने लांबच्या कुठल्या तरी शाळेत माझ्यासाठी जागा बघितलीय, होस्टेलसकट. एक मार्चला गाडी घेऊन येतो म्हणाला. आई फोनवर नुसती 'हो दादा, बरं दादा'. मला कोणी विचारलं? नाव नको.

आमची लाँड्री आहे. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. बाबा मशीन बघतात, आई काउंटर बघते, आत्या इस्त्री करते आणि मी मागे बसून घड्या घालते, कारण मागे गिऱ्हाईक येत नाही. शाळा मी गेल्या वर्षी सोडली. त्याचं काही मोठं नाहीये. उभं राहून धडा वाचायचा असायचा आणि माझा आवाज गळ्याच्या खालीच बसून राहतो. बाई म्हणायच्या 'मोठ्याने', मग अख्खा वर्ग 'मोठ्याने, मोठ्याने'. एक दिवस मी पुस्तक मिटलं, दप्तर उचललं आणि घरी आले. परत गेले नाही. झालं.

जेवताना मी सांगून टाकलं. म्हणजे ताटाकडे बघून सांगितलं. "मी नाही जाणार. मी कम्प्युटर बनवणार आहे."

आत्याला ठसकाच लागला. "कशाचा गं, मौनीबुवा? साबणाचा?"

"चार नंबरमध्ये."

चार नंबर म्हणजे आमच्या ओळीतलं शेवटचं वॉशिंग मशीन, पुढून गोल काचेचं दार असलेलं. त्याचं बेअरिंग गेलंय. फिरायला लागलं की शेजारचे भांडायला यायचे, म्हणून बंद करून मागे घड्यांच्या खोलीत ठेवून दिलं. पण आत स्टीलचा ड्रम तसाच आहे, चकचकीत, सगळीकडून भोकं भोकं. कम्प्युटरला हवा लागते. भोकं आयती पाडलेली आहेत. समोर काच आयती आहे. याच्याहून चांगला डबा कुठे मिळणार? हे मला कधीपासून दिसत होतं, फक्त बोलले नव्हते.

आई म्हणाली, "अगं, तिकडे चार मुलींच्यात राहशील, चार शब्द बोलशील..."

"चालू झाला तर नाही जाणार."

बाबा पाणी पीत होते. भांडं खाली ठेवून म्हणाले, "चालू झाला तर बघू."

बाबांचं 'बघू' म्हणजे काहीही असू शकतं. पण आईने शेवटी मान हलवली. "मामा येईल तेव्हा चालू असला पाहिजे. नाहीतर मुकाट्याने गाडीत बसायचं."

मुकाट्याने तर मी सगळंच करते. पण हे नाही करणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज चार नंबर उघडलं. मागचा पत्रा काढला तर आत केवढा मोठा सिमेंटचा ठोकळा! आधी वाटलं कोणीतरी फसवलंय. मग व्हिडिओत बघितलं (मी व्हिडिओ आवाज बंद करून बघते, खालची अक्षरं वाचते), तो मुद्दाम ठेवलेला असतो. मशीन जोरात फिरताना घरभर चालत सुटू नये म्हणून. मला तो ठोकळा आवडला. कामाचा आहे आणि गप्प आहे.

मोटर, पंप, स्प्रिंगा सगळं बाहेर काढायचं होतं. पण मधला मोठा नट काही केल्या हलेना. त्याला लटकले, पाय लावला, हात सोलला. शेवटी तेल सोडून तसंच ठेवलं. दुपारी परत पाना लावला तर लोण्यासारखा फिरला. तेलाने काम केलं असणार. पान्यावर साबणाचा फेस कसा काय लागला होता ते कळलं नाही.

मध्येच भंगारवाला आला, चार नंबर न्यायला. बाबा म्हणाले, "आज वेळ नाही, नंतर ये." तो म्हणाला, "शेठ, मागल्या महिन्यापासून हेच ऐकतोय." बाबा असेच आहेत. कुठलंही काम नुसतं ढकलत राहायचं. या वेळेला ते माझ्या पथ्यावर पडलं, एवढंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे एक बाई जुन्या कम्प्युटरचे पार्ट विकते. सगळे तिला पार्टवालीच म्हणतात. तोंडात कायम लवंग आणि अंगावर ग्रीसने काळा झालेला एप्रन. मी यादी लिहून नेली होती. तिने कागद बघितलाच नाही.

"तोंडाने सांग."

मी कागद पुढे केला.

"तोंड घरी ठेवून आलीस का? मला वाचायचा चष्मा नाही."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी तिकडे बोट दाखवलं. ती इतकी हसली की लवंग बाहेर पडली. मग मी सांगितलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय, डिस्क, पंखे. एकेक. तिने दोनदा "हं?" केलं म्हणून दोनदा सांगावं लागलं. मुद्दाम करत होती, मला कळत होतं.

"डबा कसला आहे?"

"वॉशिंग मशीन."

तिने नवीन लवंग तोंडात टाकली. "म्हणून तुझ्या अंगाला साबणाचा वास येतोय. ए साबण, पार्ट देते. पण माझे हे एप्रन कोणी धुवायला घेत नाही. तू धुवून आण. एप्रन तू, पार्ट मी. मंजूर?"

मंजूर. पोतंभर एप्रन घेऊन आले. आता हे बाबांच्या नकळत मशीनमध्ये कसे घालायचे?

११ फेब्रुवारी, मंगळवार

एप्रन धुतले गेले. मी हॉटेलच्या टेबलक्लॉथच्या खाली लपवून टाकले होते. नंतर घाबरले, कारण ग्रीस टेबलक्लॉथला लागलं असतं तर माझी खैर नव्हती. पण बघते तर टेबलक्लॉथ वेगळे धुतलेले, पांढरे शुभ्र, आणि एप्रन वेगळे, नीट घडी घालून दोरीने बांधलेले. बहुतेक मीच बांधून ठेवले असतील गडबडीत. गाठ मात्र बाबांसारखी पडली होती. मी त्यांचंच बघून शिकलेय ना.

पार्टवालीने एप्रन नाकाला लावले आणि म्हणाली, "हे माझे नाहीत, बदललेस." मग मदरबोर्ड काढून दिला. "जपून. खाली धातू लागला की गेला."

मला माहीत आहे. ड्रम अख्खा धातूचाच आहे. म्हणून मी ड्रममध्ये आडवी फळी टाकणार आहे, आणि फळीवर पितळेचे छोटे खुंट, आणि खुंटांवर बोर्ड. हे मी तिला सांगितलं, न विचारता. नंतर रस्त्यात आठवलं की मी न विचारता बोलले. अंगावर काटा आला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फळी बसली. ड्रमच्या वळणाला फळीची कड घासून घासून जुळवावी लागली. मी आत डोकं घालून बसले होते आणि आत्या बाहेरून दारावर टकटक. "किती दिवसांचं धुणं आहे गं? मळकं दिसतंय!" फार विनोदी बाई आहे ती. दिवसभर खोलीच्या दारात इस्त्रीचं टेबल लावून उभी असते, माझ्यावर पहारा. आज दोन गिऱ्हाईकं मागे बघायला येत होती तर त्यांना म्हणाली, "तिकडे जायचं नाही, काम चाललंय." जणू तीच करतेय.

पावडर टाकायच्या खणात डिस्क अगदी बरोबर बसली. खण ओढला की डिस्क बाहेर. यावर मी एकटीच हसले.

आमच्याकडे हवेत कपड्यांची लव उडत असते. ड्रायरची जाळी रोज झटकावी लागते, नाहीतर गाद्या भरता येतील एवढी निघते. तीच जुनी जाळी कापून पंख्यांवर लावली. व्हिडिओतल्या कोणाच्याही डब्याला अशी जाळी नाही. त्यांच्या घरी लाँड्री नसणार.

आई काउंटरवर बसवायला बघत होती. "अर्धा तास बस फक्त. पावत्या दे." बसले. एक बाई आली, काहीतरी विचारलं, मी पावती दिली. तिने परत विचारलं, मी मान हलवली. जाताना ती आईला हळूच म्हणाली, "मुलीला ऐकू येत नाही का हो?" आई म्हणाली, "येतं." मग कितीतरी वेळ एकच चादर घडी करत बसली, घालायची, मोडायची. मला म्हणाली, "जा मागे." मी लगेच गेले. सुटले.

नंतर ती मामाशी फोनवर बोलत होती. "अरे दादा, घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही." म्हणजे इतकी नकोशी झालेय. बरं. कळेल, कळेल. पंखे सुरू झाले की सगळ्यांना कळेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता बटण. कम्प्युटरला चालू करायला बोर्डावर दोन बारीक पिना असतात, त्यांना दोन वायरी, आणि वायरींच्या टोकाला बटण. बटण कुठलं घ्यायचं याचा विचारच करावा लागला नाही. चार नंबरचं मोठं बटण! पुढच्या पट्टीवरचं, गोल, दाबलं की 'खट्' करून आत बसतं. लहानपणी बाबा मला उचलून ते दाबायला द्यायचे. त्याचा तो 'खट्' मला पाठ आहे.

त्याला वायरी जोडल्या. उद्या चालू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चालू झाला!!!

आणि बंद पडला.

बटण दाबलं. खट्. पंखे फिरले. गोल काचेतून निळा दिवा दिसला. मी श्वास धरून स्क्रीनकडे बघत होते (स्क्रीन पार्टवालीची, मशीनच्या डोक्यावर ठेवलीय), आणि स्क्रीनवर काही यायच्या आत सगळं ठप्प. परत दाबलं, काही नाही. परत दाबलं, चालू. मी हात खाली घेऊन बघत बसते न बसते तोच बंद.

दिवसभर हेच. चालू, ठप्प. चालू, ठप्प. आत्या म्हणाली, "तुझ्यावरच गेलंय. एक शब्द बोलतं आणि गप्प."

मी तिच्याशी आज बोलणार नाही. तसंही बोलत नाही म्हणा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मेमरी काढून घातली. पॉवर सप्लाय बदलून आणला. प्रोसेसरवरचा पंखा काढून खाली तो थंड ठेवणारी नवीन पेस्ट लावली. बोर्डाखाली कुठे धातू टेकतोय का ते कागद सरकवून बघितलं. कुठेही टेकत नाही. लाँड्रीची वीज खराब असेल म्हणून राहायच्या खोलीतून वायर ओढली, तिला आई अडखळली. "माझा जीव घेऊन मग जाणार आहेस का होस्टेलला?" म्हणाली. मी होस्टेलला जाणार नाही, हे तिला कोणी सांगावं.

मग सगळं पोत्यात भरून पार्टवालीकडे नेलं. तिने बोर्ड टेबलावर मांडला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना नुसतं टेकवलं, उचललं. चालू. चालूच! आम्ही बोलत राहिलो, तिने फोनवर कोणाशी तरी भांडण उरकलं, तरी चालू. डिस्कमध्ये जे भरायचं तेसुद्धा तिने तिथल्या तिथे भरून दिलं.

"पार्ट झकास आहेत. तुझ्या घरात भूत आहे."

"भूत नसतं."

"मग तू आहेस," ती म्हणाली. "जा, शोध. मी नाही येणार शोधायला. डबा तुझा आहे."

घरी आले, लावलं, खट्. चालू. ठप्प.

२६ फेब्रुवारी, बुधवार

खरं लिहायचं तर मला वाटतंय की मी मूर्ख आहे. लोक हे तयार पत्र्याच्या डब्यात करतात, पत्र्याच्या डब्यात ते चालतं, आणि मी शहाणी निघाले वॉशिंग मशीन घेऊन. एक माणूस व्हिडिओखाली लिहितो ना, कायम कोणीतरी लिहितो, 'याचा उपयोग काय?' मला त्याचा राग यायचा. आज वाटलं त्याचं बरोबर असेल.

पण नाही. नाही म्हणजे नाही. त्याचं बरोबर नाही. पत्र्याचा डबा कोणीही आणतो. पत्र्याच्या डब्यात मी काय केलं असतं? स्क्रू पिळले असते. इथे फळी मी घासली, जाळी मी कापली, खणात डिस्क मी बसवली. हे यंत्र जगात एकच आहे आणि ते रोज काही क्षण तरी चालतं. मामाच्या शाळेत मी तेवढंही चालणार नाही.

आईने बॅग भरायला घेतलीय. माझे स्वेटर घड्या करून ठेवतेय, आणि तिला घड्या जमत नाहीयेत, तिला! मी तिच्या हातातून घेऊन नीट घातल्या. नंतर लक्षात आलं की मी माझीच बॅग भरायला मदत केली. गाढव आहे मी.

बाबा आज मशीनपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "आवाज चांगला आहे गं पंख्यांचा. लागत नाही कुठे." आणि गेले. बेअरिंगवाल्या माणसाला एवढंच सुचणार.

१ मार्च, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

मामा सकाळीच आला. बूट चकचकीत. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला, चहा घेतला, म्हणाला, "काय बाईसाहेब, झालं का खेळणं?" दुकानात गर्दी होती, शनिवार ना. आई काउंटरवर, आत्या इस्त्रीवर. आम्ही चार नंबर मागून ओढून ओळीतल्या त्याच्या जुन्या जागेवर आणून ठेवलं होतं, कारण मामा म्हणाला मला नीट बघू दे.

मी दाबलं. खट्. पंखे. दिवा. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "अरे वा." ठप्प.

परत. ठप्प.

परत. सगळं दुकान बघत होतं. कान इतके तापले की त्यांच्यावर इस्त्री झाली असती. ठप्प.

मामा उठला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे. एवढं केलंस हेच खूप आहे." त्याने चिडवलं असतं तर चाललं असतं. हे सहन होईना. मी बटण परत दाबून बाहेर आणलं आणि मागे सरकले. आई काउंटरमागे बॅग उचलायला वाकली.

तेवढ्यात बाबा आले, हात फडक्याला पुसत. आमच्याकडे कुठलंही मशीन अडलं की एकच पद्धत आहे: आधी एकदा चालू करून लगेच बंद करायचं, दाराचं कुलूप 'टक्' वाजायची वाट बघायची, मग परत चालू करायचं. बाबा हे झोपेतसुद्धा करतील. त्यांनी चार नंबरला तेच केलं. खट्, खट्. आणि दारावर हात ठेवून कुलपाची वाट बघत उभे राहिले.

कुलूप कुठलं वाजणार, ते मी केव्हाच काढलंय. पण पंखे फिरत होते. फिरतच होते. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, मग आणखी, मग एक ओळ, मग खाली चौकोन लुकलुकायला लागला. बाबांचं तिकडे लक्षच नाही! ते काचेकडे बघत होते, आणि टक् वाजलं नाही म्हणून त्यांनी परत बटणाकडे बोट नेलं.

मी ओरडले.

"बाबा, हात काढा! हात काढा म्हणते ना! कोणी हात लावायचा नाही!"

मला माहीत नव्हतं माझ्यात एवढा आवाज आहे. बाबांनी हात असा मागे घेतला जणू चटका बसला. फिरती मशीनं सोडली तर सगळं दुकान थिजलं. बाहेर रस्त्यावरून जाणारा एक माणूस दारात येऊन डोकावला, "काय झालं?" म्हणून. आणि आत्याची इस्त्री कोणाच्या तरी शर्टावर तशीच, वास सुटला तरी.

मामा म्हणाला, "अगं हळू..."

"हळू काय? चालू आहे! बघा ना! ठरलं होतं, चालू असला पाहिजे. चालू आहे. मी कुठेही जाणार नाही. बटण आत राहत होतं म्हणून बंद पडत होता! ते आत राहायला नको, लगेच सुटायला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर चालायचा. बटण दाबून धरलं की कम्प्युटरला वाटतं बंद हो म्हणताहेत! आणि वॉशिंग मशीनचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं! म्हणजे मीच रोज त्याला चालू करून बंद करत होते!"

हे सगळं मला बोलता बोलताच कळत होतं. एका दमात. मामाकडे बघून. मध्ये एकदा मी त्याच्या छातीकडे बोटसुद्धा रोखलं, आत्या म्हणते.

मामाने आईकडे बघितलं. आई रडत होती. शर्ट जळला ना, गिऱ्हाइकाला काय सांगायचं म्हणून. ती आत्याला काही बोलली नाही, उलट मला म्हणाली, "परत सांग."

"काय परत सांग?"

"ते बटणाचं. मला नाही कळलं. परत सांग."

मी परत सांगितलं. तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिला यंत्रातलं काही कळत नाही, बिचारी. मग तिने डोळे पुसले आणि मामाला म्हणाली, "दादा, बॅग गाडीत नको ठेवूस."

"अगं पण मी शब्द दिलाय तिथे. आणि हा डबा चालू झाला म्हणून काय..."

"ऐकलंस ना तू? रस्त्यावरचा माणूस आत आला. राहू दे तिला इथे."

मामाने कानात बोट घालून हलवलं. मग म्हणाला, "ऐकलं बाबा, ऐकलं. कान वाजताहेत अजून."

आणि बॅग त्याने स्वतः आत नेऊन ठेवली.

जिंकले! कम्प्युटरने करून दाखवलं. आईलासुद्धा मान्य करावं लागलं की मशीन पक्कं आहे.

२ मार्च, रविवार

हे मी त्याच्यावरच लिहितेय. खराखुरा कीबोर्ड. तरी हळूच होतंय, एकेक अक्षर शोधावं लागतं, पण टोचत नाही.

मोठं बटण काढलं नाही. त्याच्या आतली अडकायची पट्टी काढून टाकली आणि मागे स्प्रिंग बसवली. आता दाबलं की खट् होतं आणि बोटाबरोबर बाहेर येतं. बाबांना दाबायला दिलं. त्यांनी खट्-खट् दोनदा दाबलं, सवयीने. मी म्हणाले, "बाबा, एकदाच." ते म्हणाले, "एकदाच होय," आणि परत दोनदा दाबलं. मुद्दाम करताहेत असं मला वाटतं.

पार्टवालीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हटलं होतं ना, भूत तूच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत? मी कधी वॉशिंग मशीन चालवलंय? एप्रन दुसऱ्यांकडून धुवून घेते." खरं बोलत होती की नाही कळलं नाही. म्हणाली, एक गिऱ्हाईक आहे, त्याचा कम्प्युटर सारखा तापून बंद पडतो, बघशील का. मी म्हणाले इथे आणून ठेवा, मी त्याच्या घरी जाणार नाही. ती म्हणाली, मग त्याच्याशी फोनवर तरी बोल. मी म्हणाले बघू.

बाबांसारखंच म्हणाले.

९ मार्च, रविवार

आईने फसवलं. राहायचं तर सकाळी काउंटरवर बसायचं, अशी अट आता काढलीय. हे आधी ठरलं नव्हतं. मी भांडले. चांगली भांडले, आत्या इस्त्री सोडून मध्ये पडली. शेवटी मी बसतेय, पण माझ्या अटीवर: कम्प्युटर काउंटरच्या शेजारी राहणार आणि पावत्या त्याच्यावर होणार. आई लगेच हो म्हणाली. एवढ्या लगेच की मला संशय आला.

शाळेत जाणार नाही हे मात्र कायम आहे. मामाने फोनवर परत विषय काढला. मी म्हणाले, तो विषय बंद. मग तो म्हणाला, ऑफिसातला कम्प्युटर फार हळू झालाय, काय करावं? मी विचारलं, आतली धूळ कधी काढलीय? तो म्हणाला, आत धूळ असते? एवढ्या मोठ्या ऑफिसात बसतात ही माणसं!

आज सकाळी एक दांडगा माणूस आला, मला काही न विचारता चार नंबरचं गोल दार उघडलं आणि ओलं ब्लँकेट आत कोंबायला निघाला. मी काउंटरवर चढलेच. "ओ! ते धुवायचं नाहीये!" तो म्हणाला, "मग कशाचं आहे?" मी म्हणाले, "विचार करायचं." तो ब्लँकेट पोटाशी धरून उभाच. मग म्हणाला, "आत पंखे आहेत?" मी सांगितलं. पॉवर सप्लाय कुठे आहे तेही सांगितलं. सिमेंटचा ठोकळा दाखवला, तो मी काढला नाहीये, खाली ठेवलाय, जड आहे म्हणून कोणी सहज उचलून नेणार नाही. त्याचं ब्लँकेट टपटप गळत होतं. आई लांबून बघत होती, आली नाही सोडवायला.

दुपारी पुठ्ठा कापून पाटी लावली: यात कपडे टाकू नयेत. आत्या म्हणते 'कृपया' घाल. नाही घालणार.

आता पावत्यांचं असं करायचंय की, एकदा नाव टाईप केलं की

थांबा. बाहेर आरडाओरडा चाललाय. आत्या धावत आली. बसस्टॉपवर एक घोडा उभा आहे, एकटाच, कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. मी जाऊन विचारते.